मितीच्या आधीची उलटी रेघ

आधी माफी मागतो. पुस्तकात छापून यावं असं माझ्या हातून काही घडलेलं नाही, आणि लिहिण्याची मला सवयही नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नव्हतं. घरात लिहायचं काम निघायचं ते लग्नपत्रिकांवर नावं टाकण्यापुरतं, आणि अक्षर बरं म्हणून ते माझ्याकडे यायचं. तेव्हा कुठे वाक्य वाकडं गेलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. ज्या गोष्टीबद्दल लिहायचं आहे ती मी कधी कोणाजवळ बोललो नाही, म्हणून लिहितो आहे. एका मुलाचा मला हेवा वाटत होता. फार वाटत होता. तो मुलगा वाईट असता तर बरं झालं असतं. तो चांगला होता.

ऐंशीचं दशक अर्धं सरलं होतं. मी उमरेडचा. घरी हातमाग, वडील मागावर बसायचे, आई सुताच्या कांड्या भरायची. मी नागपुरात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो. कॉलेज सकाळचं असल्यामुळे दुपारनंतर मोकळा असायचो, म्हणून कॉम्प्युटरचा एक वर्ग लावला होता. त्या वेळी नागपुरात कॉम्प्युटर म्हटलं की लोक जरा मागे सरकून उभे राहायचे. वर्ग संपल्यावर तिथल्या सरांनी दोन मुलांची नावं नागपूरच्या वेशीवरच्या वाडी गावातल्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीला दिली. एक माझं, एक त्याचं.

अमरावती रोडवर गोदामांची रांग, समोर उभे ट्रक, हमालांचा गलका, उडणारी धूळ, आणि त्या सगळ्याच्या मधोमध एक पांढरी रंगवलेली खोली. काचेचं दार, आत एसी. दारात चपला काढून आत जायचं, कारण यंत्राला धूळ चालत नाही. यंत्र एक होतं आणि त्याला तीन टर्मिनल जोडलेले होते. एक बुकिंगच्या खिडकीत, दोन आत. आत साहेब बसायचे. साहेब म्हणजे कंपनीच्या मालकांनी, सेठजींनी, मुद्दाम बाहेरून आणलेला कॉम्प्युटरचा माणूस. शांत, कमी बोलणारा. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं, "उन्हाळ्यापर्यंत दोघंही शिकाऊ. मग एकाला कायम करायचं आहे. एकालाच."

मला ती जागा हवी होती. किती हवी होती ते कसं सांगू? आमच्या आळीत वडिलांनी आधीच सांगून ठेवलं होतं, "पोरगा कॉम्प्युटरवर आहे." ते ‘आहे’ मला उन्हाळ्यापर्यंत खरं करायचं होतं. वाडीतच एका गोदामामागे भाड्याची खोली घेतली होती, दोन ड्रायव्हरांबरोबर. ते गाडीवर गेले की खोली माझी. अंथरुणावर पडल्या पडल्या मी त्या एसी खोलीतल्या खुर्चीवर कायमचा बसलेला स्वतःला पाहायचो. खुर्ची फिरायची.

तो शहरातला. वडील एका मोठ्या सरकारी कंपनीत इंजिनियर. स्कूटरवर यायचा. दारात बूट काढायचा आणि आत पायमोजे घालून फिरायचा, पांढरे, धुतलेले. मी चप्पल काढली की माझे पाय उघडे. टाचेच्या भेगांत वाडीची धूळ बसलेली. एसीची हवा खालून यायची आणि पाय गार पडायचे. मी ते खुर्चीखाली ओढून घ्यायचो. पायमोज्यांचा हेवा वाटू शकतो, हे मला तिथे कळलं.

पण ते पायमोज्यांचं काहीच नव्हतं. हेवा खरा होता तो त्याच्या न भिण्याचा. साहेब काही विचारायचे आणि त्याला येत नसलं तर तो सरळ सांगायचा, "माहीत नाही सर." आणि हसायचा. साहेबही हसायचे. मला येत नसलं की मी "पाहतो सर" म्हणायचो आणि मग दिवसभर पाहत बसायचो. मला वाटायचं, मी एकदा "माहीत नाही" म्हटलं की साहेब म्हणतील, मग आलास कशाला. त्याला कोणी तसं म्हणेल असं त्याच्या स्वप्नातही नसावं. तो टर्मिनलवर बसला की बोटं आधी चालायची, विचार मागून यायचा. चुकलं तर पुसायचा. मी एक ओळ लिहायचो ती आधी कागदावर, मग मनात, मग यंत्रावर.

मला तिथे सगळे ‘उमरेडवाला’ म्हणायचे. त्याला नावाने हाक मारायचे.

बुकिंगच्या खिडकीत एक बाबूजी होते, काटोलकडचे. वयस्क, तोंडात सुपारी, संत्र्याच्या दिवसांत पिशवीभर संत्री घेऊन यायचे आणि सोलून सोलून सगळ्यांच्या हातावर ठेवायचे. आम्हा दोघांची चेष्टा करणं हा त्यांचा विरंगुळा.

"काहून गा उमरेडवाल्या, चेहरा असा काहून करून राहिला? मशीन मेली का?"

"नाही बाबूजी, क्वेरी चालून नाही राहिली."

"चालत नसन त ढकल ना. आमच्या गाड्याबी ढकलाच लागते कधीकधी."

क्वेरी म्हणजे यंत्राच्या साठवणीला विचारलेला प्रश्न. अमुक दिवशी कोणता माल कुठे गेला, असं त्याच्या भाषेत विचारायचं, की ते उत्तर देतं. बिल्टीही तशीच छापायची. बिल्टी म्हणजे गाडीत माल चढवल्याची पावती. तीच दाखवून पुढच्या गावी माल सोडवून घेतात. आधी बिल्ट्या बाबूजी हाताने फाडायचे. आमच्या येण्याच्या थोडं आधी त्या प्रिंटरवर निघायला लागल्या होत्या, रोमन अक्षरांत, कारण यंत्राला मराठी अक्षरं येत नव्हती.

मार्च महिन्यात लकडगंजच्या एका मोठ्या दुकानाचे मुनीमजी आले. ते सेठजींचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. काळी टोपी, हातात आमची बिल्टी. खिडकीशी न थांबता तडक आतल्या खोलीत आले, जोड्यांसकट. साहेबांनी त्यांना खुर्ची दिली.

"ये क्या छापा है साहब? हे आकडे कशाचे? वजन आहे, नग आहेत, का भाव आहे?"

बाबूजी मागून आले. "तारीख आहे ना मुनीमजी ते."

"तारीख आहे त तसं लिहा ना! आमच्याकडं बिल्टी आली की पहले मिती पाहतो. मिती लिहिलेलं नाही, मग मी काय समजू? परवा पोरानं याच आकड्याले वजन समजून वहीत चढवून टाकलं. सेठजीला सांगतो मी. मिती पाहिजे."

त्यांचं खरंच होतं. व्यापाऱ्यांच्या कागदावर तारखेआधी ‘मिती’ हा शब्द पिढ्यांपासून येतो. नजर तोच शब्द शोधते. आमच्या बिल्टीवर आकड्यांच्या गर्दीत तारीख कोणती हे बाहेरच्या माणसाला कळायचा मार्गच नव्हता. सेठजींचा निरोप आला. सोमवारी मुनीमजी परत येणार, तोवर मिती छापून पाहिजे. छापील कागद वर्षभराचे आधीच आलेले, त्यात बदल होणार नव्हता. तारखेच्या लहानशा चौकटीतच यंत्रानं ‘मिती’ छापायचं होतं.

साहेब आम्हा दोघांकडे पाहून म्हणाले, "कोण करतं?"

तो म्हणाला, "करू सर, सोपं आहे," आणि चहा प्यायला गेला. मी मनात ठरवून टाकलं की हे मीच करणार. एकदा तरी, त्याच्या आधी.

यात अडचण कुठे होती ते सांगतो. फार नाही सांगत. तारीख कशी छापायची ते यंत्राला एका साच्याने सांगावं लागे. त्या साच्यात काही अक्षरांना खास अर्थ असतो. ‘डी’ दिसलं की यंत्र तिथे दिवस टाकतं, ‘एम’ दिसलं की महिना, ‘वाय’ दिसलं की वर्ष. आता रोमन अक्षरांत मिती लिहायची म्हणजे सुरुवातच ‘एम’ने. यंत्र म्हणतं, आला महिना. ते ‘एम’ खातं आणि त्या जागी मार्चचा तीन टाकतं. पुढे आय, टी, आय तसंच राहतं. म्हणजे मितीच्या जागी कागदावर ‘तीन आयटीआय’.

मी ते पाहिलं आणि शनिवारी काही सुचलं नाही. रविवारी खोली बंद असायची, पण चावी बाबूजींकडे. ते म्हणाले, "बस जाऊन. पण एसी नको लावू, बिल येते." मी खिडकी उघडून, सदरा काढून, बनियनवर बसलो. मॅन्युअलची झेरॉक्स होती, पुसट, काही पानं तर काळीच आलेली. शब्दकोश शेजारी घेऊन एक एक ओळ वाचत गेलो. दुपार उलटली तेव्हा ते सापडलं. साच्यातला जो शब्द जसाच्या तसा छापायचा असेल तो दुहेरी अवतरणचिन्हांत ठेवायचा. मग यंत्र त्यातल्या अक्षरांना हात लावत नाही. मी तसं केलं. टर्मिनलवर क्वेरी टाकली. पडद्यावर आलं, मिती, आणि पुढे तारीख, स्वच्छ.

मी उठून खोलीत फेऱ्या मारल्या. बाहेर एक ट्रक लागत होता, क्लीनर ओरडत होता, "आन दे, आन दे, बस!" मला वाटलं मलाच म्हणतो आहे. त्या दिवशी माझ्या मनात त्याच्याबद्दल हेवा नव्हता. मला तो आवडला, खरंच. वाटलं, बिचारा चहा पीत राहिला.

बिल्टीच्या कामाची यादी मेनूत होती. बाबूजी एक आकडा दाबायचे आणि बिल्टी छापून यायची. त्या मेनूच्या मागे जी ओळ होती तिच्यात मी माझा नवा साचा बसवला. पडद्यावर नीट आलं होतं, तेव्हा मेनूतून पुन्हा पाहायचं मला सुचलं नाही. चुकायला आता काय उरलं होतं?

सोमवारी सगळे जमले. सेठजी, मुनीमजी, साहेब, बाबूजी, तो. मी साहेबांना म्हणालो, "झालं आहे सर." माझा आवाज मला ओळखू आला नाही. बाबूजींनी खिडकीतून मेनूचा आकडा दाबला. प्रिंटर करकरला. मुनीमजींनी कागद फाडून घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब नेला.

"तीन आयटीआय," ते म्हणाले. मग सेठजींकडे वळून, "सेठजी, पोट्टे आयटीआयचे ठेवले का? ते मोटर बांधतात, बिल्टी नाही."

सेठजी हसले. बाबूजींना हसू आलं ते त्यांनी सुपारीत दाबलं. मी म्हणालो, "काल आलं होतं. पडद्यावर आलं होतं." दोनदा म्हणालो. ते आलंच होतं, खरं सांगत होतो. पण त्या खोलीत खरं बोलणारा माणूस कसा दिसतो ते मला समोरच्या काचेत दिसत होतं.

तो तोवर माझ्या खुर्चीच्या मागे येऊन वाकला होता. "थांब गा," तो म्हणाला. त्याने मेनूची ओळ उघडली, पाहिली, आणि प्रत्येक दुहेरी अवतरणचिन्हाच्या आधी एक एक तिरपी रेघ टाकली. आपण तारखेत आकड्यांमध्ये देतो ती नव्हे. तिच्या उलटी, मागे झुकलेली. दोन चिन्हं, दोन रेघा. बसायची गरजसुद्धा त्याला वाटली नाही, उभ्या उभ्या टाकल्या.

"बाबूजी, पुन्हा दाबा."

मिती आली.

मुनीमजींनी कागद घडी करून खिशात ठेवला. सेठजींनी त्याच्या पाठीवर थाप मारली. साहेब माझ्याकडे पाहून हळू म्हणाले, "तुझं अर्ध्याहून जास्त बरोबर होतं." ते मला बरं वाटावं म्हणून म्हणाले. नाही वाटलं. माझ्या दुपारभराच्या कामाला ‘अर्धं’ हा शब्द आला आणि त्याच्या दोन रेघांना थाप.

मग चहाच्या टपरीवर त्याने मला समजावलं. मी विचारलं नव्हतं.

"काय आहे यार, तू मशीनला डायरेक्ट सांगितलं होतं, म्हणून चाललं. मेनूतून सांगितलं की मधे एक नाका लागतो. आपला वाडीचा जकात नाका नाही का, तसा. त्या नाक्यावरचा माणूस दुहेरी चिन्हं पाहतो आणि म्हणतो, हे माझ्यासाठी आहेत, आणि ठेवून घेतो. पुढं तुझा साचा पोचतो तो चिन्हांशिवाय. मग एम परत महिना होऊन राहिला. ती उलटी रेघ म्हणजे नाकेवाल्याला सांगणं, भाऊ, हा माल तुझा नाही, पुढचा आहे, जाऊ दे."

इतकं सोपं. मला राग यावा इतकं सोपं आणि इतकं नीट सांगितलं त्याने. माझी समजूत काढावी असा त्याचा चेहराही नव्हता. त्याला फक्त ती गोष्ट आवडली होती आणि ती कोणाला तरी सांगायची होती. टपरीवाल्याने पैसे मागितले तेव्हा त्याने दोघांचे दिले. त्याचाही मला हेवा वाटला, की यालाच कसं खिशात हात घालणं सुचतं, माझा हात तोवर निघतच नाही.

"चल घरी," तो म्हणाला. "आईनं पोहे केले असतील."

मला नाही म्हणता आलं नाही. त्याच्या स्कूटरवर मागे बसून पहिल्यांदा मी शहराच्या त्या भागात गेलो जिथे घरांना फाटकं असतात आणि फाटकाच्या आत झाडं असतात. त्याचे वडील ऑफिसातून आलेले, व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले होते. आम्हाला पाहिल्याबरोबर त्यांनी विचारलं,

"काय रे, मितीचं झालं का? मी म्हटलं तसे कोट्स मधेच गळले ना? बॅकस्लॅश टाकून पाहिला?"

तो म्हणाला, "हो बाबा, लागला."

मी फाटकाला हात लावून तिथेच थांबलो. त्यांना माहीत होतं. त्यांच्या घरी जेवताना हे बोलणं झालं होतं. वडिलांनी अंदाज सांगितला असेल, मुलाने खांदे उडवले असतील, आईने अजून एक पोळी घे म्हटलं असेल, आणि ती उलटी रेघ त्यांच्या ताटांच्या मधून अशी सहज गेली असेल. त्याने ती चोरली नव्हती. त्याने माझ्यापासून लपवलंही नव्हतं. त्याच्या घरात ती होती आणि माझ्या घरात नव्हती, एवढंच. त्याच्या बोटांचा, पायमोज्यांचा, हसण्याचा मला आजवर जो हेवा वाटला तो सगळा मला त्या फाटकाशी लहान वाटला. मला त्याचा बाप पाहिजे होता. हे वाक्य लिहिताना मला लाज वाटते आहे, पण तेव्हा माझ्या मनात दुसरं काही नव्हतं.

त्याच्या वडिलांनी मला बसवलं, कुठला म्हणून विचारलं. उमरेड म्हटल्यावर म्हणाले, "वा, तुमच्याकडची धोतरं माझे वडील वापरायचे." पोहे चांगले होते. मी दुसऱ्यांदा घेतले नाहीत.

पुढच्या रविवारी मी घरी गेलो. वडील मागावर होते. मी मागाच्या खड्ड्याच्या काठावर बसून त्यांना सगळं सांगितलं. सांगायचं ठरवलं नव्हतं. त्याच्या घरचं पाहून आल्यावर मला आमच्या घरी ते बोलून पाहायचं होतं, इतकंच. मिती, एम, अवतरणचिन्हं, नाका, रेघ. त्यांनी आडवं सूत नेणारा धोटा हातात धरून ठेवला होता, माझं होईपर्यंत फेकला नाही.

"म्हंजे," ते म्हणाले, "तू केलेलं बरोबर होतं, पण मधल्यानं खाल्लं."

"हो."

"आन त्या पोट्ट्याले हे मालूम होतं का मधला खाते."

"हो बाबा."

त्यांनी थोडा विचार केला. "मंग तुले काहून नाही सुचलं गा?"

त्यांनी टोमणा मारला नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं, आपल्या पोरात काही कमी आहे का. मी म्हणालो, "मला कोणी सांगितलं नव्हतं." ते आत आईला हाक मारून म्हणाले, "याले च्या दे वं." आणि धोटा सुरू झाला. तेव्हा मला कळलं की मी त्यांना काय म्हणून बसलो. पण आता शब्द परत घ्यायचे तर अजून काहीतरी बोलावं लागलं असतं, आणि ते मला जमलं नाही. चहा घेऊन मी बसस्टँडवर गेलो.

उन्हाळा आला. मी जमेल तेवढं केलं. कोणत्या चिन्हाला कुठे कोणता अर्थ आहे ते सगळं पाठ केलं. एकेरी अवतरणचिन्ह मजकुरात आलं तर ते दोनदा द्यायचं, टक्क्याचं चिन्ह शोधात आलं तर काय होतं, सगळं. कोणी विचारलं नाही. तारखेचं काम पुन्हा निघालंच नाही. साहेबांनी आम्हा दोघांना एकत्रच बोलावलं.

"दोघंही चांगले आहात," ते म्हणाले, आणि त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, तेव्हाच मला समजलं. "तू फार मेहनती आहेस. पण इथं काही अडलं की गाडी गेटवर उभी राहते, माल खराब होतो. इथं लगेच सोडवणारा पाहिजे."

तो बाहेर आल्यावर म्हणाला, "यार, सॉरी." मी म्हणालो, "अरे, त्यात काय." बाबूजींनी माझ्या हातावर संत्र्याची फोड ठेवली. मोसम संपत आलेला, फोड सुकलेली होती.

परीक्षा झाली, मी पास झालो, उमरेडला परत गेलो. विणकरांच्या सुताच्या डेपोत हंगामी कारकून म्हणून लागलो. आळीतले लोक विचारायचे, "कॉम्प्युटर सुटला का गा?" वडील माझ्या आधी उत्तर द्यायचे, "परीक्षेसाठी सोडला." कोणासमोर त्यांनी मला खाली पाहायला लावलं नाही, आणि त्यामुळेच मला त्यांच्याकडे पाहवत नसे.

सुताच्या गासड्या त्याच ट्रान्सपोर्टने यायच्या. दर गासडीबरोबर बिल्टी. तारखेच्या चौकटीत मिती, सरळ, स्वच्छ. प्रत्येक वेळी वाटायचं, आता तो त्या फिरत्या खुर्चीत बसला असेल, पांढऱ्या पायमोज्यांचे पाय एकावर एक टाकून, कोणाला तरी नाक्याची गोष्ट सांगत. पगार किती झाला असेल, साहेब त्याला काय म्हणून हाक मारत असतील, त्याच्या वडिलांनी जेवताना काय विचारलं असेल, हे सगळं मी गासड्या मोजताना मनात पाहायचो, आणि मोजदाद चुकायची. डेपोचे मॅनेजर म्हणायचे, "लक्ष कुठं आहे तुझं?" लक्ष वाडीत असायचं.

मला त्याचं वाईट व्हावं असं वाटायचं का? मी स्वतःला पुष्कळदा विचारलं. नाही वाटायचं. तो आजारी पडावा, चुकावा, त्याला काढावं, असं कधी मनात आलं नाही. त्याच्याजवळ जे होतं ते फक्त त्याच्याजवळच आहे, याचा त्रास व्हायचा. त्याला ती खुर्ची प्यारी असेल, माझ्याइतकीच, असं मी धरूनच चाललो होतो. तेवढ्यावर मी थोडा शांत व्हायचो. वाटायचं, निदान ज्याला हवी होती अशाच एकाला मिळाली.

दिवाळी होऊन गेली होती. बाबूजींच्या पुतणीचं लग्न उमरेडला होतं. ते डेपोत शोधत आले, खांद्यावर पिशवी, नव्या मोसमाची पहिली संत्री. माझ्या टेबलावर बसूनच सोलायला लागले.

"काय गा उमरेडवाल्या, सुतात गुतला का?"

"बरं आहे बाबूजी. तिकडं कसं आहे सगळं?"

"काय कसं? तुया दोस्त गेला ना."

मला वाटलं काही अपघात झाला. स्कूटर डोळ्यांसमोर आली. "कुठं गेला?"

"बंबईले. मोठी कंपनी आहे म्हणते. महिना होऊन राहिला आता. सेठजी म्हणे, पगार वाढवतो, थांब. थांबला नाही. साहेबानं इचारलं, काहून सोडतं बा, काही तकलीफ आहे का? त म्हणे, तकलीफ नाही सर, पण इथं आता शिकासारखं काही उरलं नाही." बाबूजींनी बी थुंकली. "हसून म्हणे. तुले मालूम आहे ना तो कसा हसते."

मला माहीत होतं.

"मग आता कोण आहे तिथं?"

"कोणी नाही. एक ठेवला होता, तो परवा पळाला आन मशीन अडून राहिली. मी पुन्हा हातानं फाडून राहिलो बिल्ट्या, हात दुखते माया. म्हणून त आलो ना तुयाकडं. साहेबानं सांगितलं, उमरेडले जाऊन राहिले त त्या पोराले निरोप द्या, सोमवारपासून ये म्हणावं, कायम करतो." त्यांनी अर्धं संत्रं माझ्यापुढे सरकवलं. "आन हे पहा, साहेबाच्या डोक्यात तुयं नाव नव्हतं, खोटं काहून बोलू. तो जातानी सांगून गेला. म्हणे, काम काही कठीण नाही सर, सोपं आहे. उमरेडवाल्याला बोलवा, त्याला जमेल."